मागच्या टायरात २० हवा? दाजी, आधी तो मेसेज डिलीट करा

रविवारी सकाळी भाचा पुण्याहून साताऱ्याला आला. भर पावसात, स्वतःची नवी मस्टँग घेऊन. नवी म्हणजे त्याला नवी. गाडी २०१७ ची जीटी, सेकंड हँड. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांवर. आमच्या टायरच्या दुकानासमोर गाडी लावून तो चहाला आत गेला आणि मी सवयीनं मागच्या टायरच्या साइडवॉलवर हात ठेवला. रस्ता गार, रिम गार, आणि टायर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. गेज लावला तर २० पीएसआय. पलीकडचा बघितला, तोही २०. दोन्ही टायर एकदम पंक्चर होऊन एकाच आकड्यावर थांबत नाहीत.

"अगं मावशी, मुद्दाम कमी केलीय. बाबांनी ग्रुपवर टाकलं होतं ना, तू वाचलं नाहीस?"

नव्हतं वाचलं. घरच्या ग्रुपवर दाजी रोज पंधरा गोष्टी टाकतात. मग वाचलं. "मोठ्या पॉवरच्या गाडीचे मागचे टायर: कंपन्या लपवतात ती ७ सत्यं." थोडक्यात सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे आला नाही त्यांना कळेल. एक, मागचे टायर फक्त ढकलतात, स्टिअरिंग आणि ब्रेक पुढचे, म्हणून भारी टायर पुढं घाला, मागं स्वस्तातला किंवा रिमोल्डही (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला) चालतो. दोन, टायर जितका रुंद तितका पावसातही धरतो. तीन, मागं हवा २० ठेवा, ग्रिप दुप्पट. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर लक्ष देऊ नका. चार, ट्रेडवेअरचा आकडा (टायरवर छापलेला, झीज सांगणारा) १०० च्या खालचाच घ्या. पाच, नक्षी दिसतेय तोवर टायर चांगला. सहा, आपल्याकडं १०० ची मर्यादा, मग ३०० च्या स्पीड रेटिंगचे पैसे कशाला? सात, नायट्रोजन भरला की हवा बघायची गरज नाही.

दाजी, राग मानू नका. सतरा वर्षं मी या काउंटरला बसते. तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तो मुद्दा माझ्या दारात येऊन उभा राहिला होता.

२० चा आकडा आला कुठून, ते मला कळलं. अमेरिकेत ड्रॅग रेस चालतात, पाव मैल सरळ. तिथं ट्रॅकवर चिकट द्रव मारलेला असतो, टायर खास त्यासाठीचे असतात, आणि सुटताना टायर पसरून जमिनीला बिलगावा म्हणून त्यात हवा खरंच कमी ठेवतात. म्हणजे आकडा अगदीच हवेतला नाही, हे मान्य. पण ते दहा-बारा सेकंदांचं काम, कोरड्यात, सरळ रेषेत. आमचा भाचा शंभर किलोमीटर आला, मध्ये खंबाटकी, वरून पाऊस.

पावसाचं गणित १९६३ सालीच होऊन गेलंय. अमेरिकेच्या नासानं त्या वर्षी टायर पाण्यावर कसा तरंगतो यावर एक तांत्रिक टिपण काढलं, क्रमांक डी-२०५६. लिहिणारे हॉर्न आणि ड्रेहर. विमानं ओल्या धावपट्टीवर घसरायची, म्हणून तो खटाटोप. त्यातलं सूत्र पोरंसुद्धा मोबाइलवर करतील: टायरमधल्या हवेच्या (पीएसआयमधल्या) आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १०.३५ नं गुणा. उत्तर ताशी मैलात येतं. किलोमीटरमध्ये हवं तर साधारण १६.७ नं गुणा. त्या वेगाला साचलेलं पाणी टायरला पूर्ण उचलतं, आणि मग रस्त्याला रबर लागत नाही, पाणी लागतं.

३२ हवेला उत्तर येतं ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास. २० हवेला? ७५ सुद्धा पुरतं येत नाही.

वीस किलोमीटरचा फरक, फक्त व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडल्यामुळं. आमच्या हायवेला ऐंशी-नव्वदनं टेम्पो जातात. आता कोणी म्हणेल, सूत्र विमानाच्या टायरचं, मोटारीला तसंच्या तसं लागू नाही. बरोबर आहे. ते नक्षीत मावणार नाही इतक्या साचलेल्या पाण्याचं गणित आहे. नक्षी खोल असेल तर ती पाणी बाहेर काढते आणि थोडी जास्त मुभा मिळते. पण भाच्याच्या मागच्या टायरची नक्षी मी मोजली. मधल्या खाचेत २.९ मिलिमीटर. नव्या टायरला ती आठच्या आसपास असते, आणि १.६ ला तर कायदाच टायर बाद करतो. म्हणजे मुभा जवळपास संपलेली, वर हवा २०.

आणि पुढच्या टायरात मात्र हवा बरोबर होती! हे तर आणखी वाईट. पुढचे रस्ता धरून, मागचे पाण्यावर. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडं उतरताना जे एस वळण लागतं, तिथं अशी गाडी काय करते ते सांगायला मोठं शास्त्र लागत नाही. नाक वळतं, शेपूट सरळ जाते. भाचा संध्याकाळी त्याच वाटेनं परत जाणार होता.

टायर गरम का होता, तेही सांगते. हवा कमी असली की प्रत्येक फेरीत साइडवॉल दुमडते, उलगडते, दुमडते. तार पुढं-मागं वाकवत राहिलं की हाताला चटका बसतो ना, तसंच. त्या उष्णतेनं आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं ६५ लाख टायर परत बोलावले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोररवरचे, धावता धावता ट्रेडचा पट्टा सुटणारे. तिथल्या सरकारी यंत्रणेनं २७१ मृत्यू त्या टायरशी जोडले. बनावटीतला दोष होताच, पण भांडणात एक मुद्दा हवेचाही होता: गाडीच्या कंपनीनं २६ सांगितली होती, टायरच्या कंपनीचं म्हणणं ३० हवी. भांडण २६ की ३० याचं, आणि आपला मेसेज २० सांगतोय. त्या प्रकरणानंतर अमेरिकेनं कायदा केला, आणि त्यातूनच तिथल्या गाड्यांना हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा सक्तीचा झाला. ज्या दिव्याकडं लक्ष देऊ नका म्हणून दाजी आम्हाला सांगतायत, तोच.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलंय. टायर गार असताना तेवढी भरायची. संपलं.

आता पहिला मुद्दा. "मागचे फक्त ढकलतात." अहो, चारशे घोडे ढकलतात! टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. किराण्याला गेला तो पैसा फीला उरत नाही. वळणात टायरला गाडी बाजूनं धरून ठेवायची असते आणि त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबला की त्याच पकडीतून ढकलण्याचा खर्चही निघतो. पाच लिटरच्या इंजिनाला ओल्या रस्त्यावर सगळा पगार एका पायाच्या दाबात उडवता येतो. साध्या हॅचबॅकचं इंजिन इतकं खर्चिक नसतं, म्हणून तिथं चूक खपून जाते. पुढचे टायर सुटले तर गाडी वळत नाही, सरळ रेटत जाते, बहुतेकांचा पाय आपोआप उठतो आणि ती पुन्हा ताब्यात येते. मागचे सुटले की गाडी गोल फिरते आणि तिला आवरायला फार थोड्यांना जमतं. मिशेलिनसारख्या टायर कंपन्या म्हणूनच सांगतात की दोनच नवे घेणार असाल तर ते मागं घाला. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी असली तरीही. ट्रॅक्शन कंट्रोल आहे की, असं भाचा म्हणाला. आहे. तो इंजिनाची ताकद कापतो, ब्रेक लावतो. रबर कुठून आणणार?

रिमोल्डबद्दल काय बोलू? एसटीच्या आणि ट्रकच्या मागच्या जोडचाकाला रिमोल्ड चालतो, वर्षानुवर्षं चालत आलाय, त्याला मी नावं ठेवत नाही. मस्टँगला रिमोल्ड! आमच्या फिटरला मी हे वाचून दाखवलं तर तो बीड ब्रेकर, म्हणजे रिमवरून टायर सोडवायचं यंत्र, बंद करून हसत बसला.

गंमत म्हणजे या गाडीला "भारी टायर पुढं" असा घोळ घालताच येत नाही. पुढं २५५/४० आर १९, मागं २७५/४० आर १९, पहिला आकडा मिलिमीटरमधल्या रुंदीचा. मापंच वेगळी, अदलाबदल होत नाही. ज्यानं लिहिलं त्यानं अशी गाडी जॅकवर कधी बघितलेली नाही.

रुंदीचं निम्मं खरं आहे, कुरकुरत का होईना देते. कोरड्यात रुंद टायर उपयोगी पडतो, नाहीतर कंपनीनं मागं २७५ दिलेच नसते. पण वजन आणि हवा तीच ठेवली तर जमिनीला टेकणारा ठसा फारसा मोठा होत नाही, आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. पावसात रुंद ठशाला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. फावड्याचं पातं रुंद असलं की चिखलात ढकलायला जड जातं, तसं. शिवाय भाच्याच्या डोक्यात ३०५ बसलेत. त्याला कमीत कमी दहा इंचाची रिम लागते, त्याची रिम त्याहून अरुंद. टायर चढेल, पण फुगा होऊन बसेल आणि वळणात साइडवॉल डुलेल.

चौथ्या मुद्द्यावर माझं भांडण कमी आहे. एकाच कंपनीच्या दोन टायरांत ट्रेडवेअरचा आकडा लहान असलेला बहुधा मऊ असतो आणि चिकटतो, हे आम्हीही गिऱ्हाइकाला सांगतो. पण हा आकडा झिजेचा. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांची ठरलेली फेरी आहे, तिच्यावर ७,२०० मैल गाडी चालवून झीज मोजतात आणि पुढचा आकडा कंपनी स्वतःच छापते. या कंपनीचे २०० आणि त्या कंपनीचे २०० एकच, असं समजू नका. शेजारी जे एए, ए, बी, सी लिहिलेलं असतं ती ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकची प्रत. तीही फक्त सरळ रेषेतली. आणि १०० च्या खालचे टायर बहुतेक ट्रॅकवरचे असतात, नक्षी नावापुरती. जुलैत महाबळेश्वरला घेऊन जा म्हणावं.

नक्षी दिसते तोवर चांगला? भाच्याच्या पुढच्या टायरना साडेपाच मिलिमीटर नक्षी आहे. दिसायला देखणे. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचले: ३५१६. म्हणजे २०१६ चा पस्तिसावा आठवडा. गाडी कमी फिरलेली, बराच काळ उभी, आणि रबर आपलं उन्हात, हवेत कडक होत बसलेलं. खाच बोटांनी फाकवून दाखवली तर तळाशी बारीक भेगा, उन्हाळ्यात तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. नख रुतत नाही. हे विकणाऱ्यानं "टायर ७० टक्के" असं लिहून दिलं होतं.

स्पीड रेटिंगचा मुद्दा ऐकायला शहाणपणाचा वाटतो. टायरवरचं अक्षर वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, एच म्हणजे २१०, आणि कोण २१० नं जाणार? पण ते अक्षर नुसत्या वेगाचं नसतं. टायर उष्णता किती सोसतो ते त्यात येतं, आणि तशी बांधणी असलेला टायर वळणातही कमी डुलतो. अक्षराच्या आधीचा आकडा वजनाचा: १०१ म्हणजे एका टायरवर ८२५ किलो. दोन्ही स्टिकरप्रमाणे घ्या, खाली उतरू नका. यात पैशांची ओढ का वाटते ते मला माहीत आहे. जून २०२० मध्ये केंद्रानं नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून असली मापं लगेच हाताला लागत नाहीत. कोणी "एचमध्ये तयार आहे, घेऊन टाका" म्हणतं आणि माणूस घेतो.

नायट्रोजन भरा, बिघडत काही नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. व्हॉल्व्ह गळका असेल तर तोही गळतो.

मी काय लिहून दिलं ते विचाराल तर: मागं २७५/४० आर १९, १०१ वाय, रस्त्यासाठीचाच परफॉर्मन्स टायर, ओल्यातली प्रत एए, ट्रेडवेअर तीनशेच्या आसपास. पुढंही त्याच कंपनीचे, त्याच जातीचे, कारण ते भेगाळलेले मी ठेवू देणार नाही. रक्कम ऐकून भाच्यानं दाजींना फोन लावला. दाजी म्हणाले, "तिला विचार, मेसेजमधलं काहीच खरं नाही का?" वर सगळं लिहिलंय, दाजी.

टायर यायला तीन आठवडे लागतील. तोवर मस्टँगची किल्ली माझ्या गल्ल्यात आहे आणि भाचा एसटीनं पुण्याला गेला.