पगार वाढला आणि तब्येत उघड्यावर पडली

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पोराचा पगार महिना २१,००० च्या आत असतो, तोवर त्याच्या तब्येतीची काळजी सरकारला असते. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के घालतो आणि ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, कार्डावर आपण आणि आपल्यावर अवलंबून असलेलं घर बिनघोर आजारी पडू शकतं. मग मालकाला एकदा प्रेमाचं भरतं येतं आणि तो पगार तेवीस हजार करतो. चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी जाते. त्यानंतर ईएसआयच्या लेखी आपण श्रीमंत. पगारवाढीचे पेढे मीच वाटले होते. आमच्या कंपनीत कामगारांच्या आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी नाही. ग्रुप आहे, पण त्यावर नुसते गुड मॉर्निंग येतात.

मी पंचवीस वर्षांचा. शुगर नाही, बीपी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. असा ऐवज बघून विमेवाले दारात रांग लावतील असं वाटलं होतं. तशी लागलीच. भाव बघावा म्हणून रात्री एका साइटवर मोबाईल नंबर टाकला, तर भाव दिसायच्या आधी फोन वाजला. पलीकडची बाई हिंदीतून, मुलगी दाखवायला आणल्यासारखे प्रश्न विचारायला लागली. उंची किती, वजन किती, घरात कुणाला काय. "सर, आप स्मोक करते हैं?" मी "नाही" म्हणेपर्यंत स्पीकरवर ऐकणारी आजी माझ्या तोंडाजवळ येऊन वास घेऊन गेली. "कभी हॉस्पिटल में ॲडमिट हुए थे?" यावर आजी आतून ओरडली, "सांग की! दुसरीत असताना नाकात शेंगदाणा गेलेला. मिरजेला नेलेलं." बाईला 'शेंगदाणा' कळेना आणि मला त्याची हिंदी सुचेना. शेवटी तिनं "सर, वो जाने दीजिए" म्हणून सोडून दिलं.

बाबांचा प्रश्न एकच. "वर्षाला साडेसहा हजार भरायचे. आणि काय झालंच नाही तर परत किती?"

"काहीच नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. ज्यांच्या पिढीत पॉलिसी म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी हातात येणारी रक्कम, त्यांना हे समजावणं अवघड. "म्हणजे पैसे वसूल करायला तू आजारी पडायचं?" असं त्यांनी विचारल्यावर मलाही क्षणभर उत्तर सापडेना.

मग नात्यातले एजंट काका आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, हे त्यांनी स्वतः दिल्लीला जाऊन करून आणल्यासारखं सांगितलं. वर म्हणाले, "इन्कम टॅक्सच्या ऐंशी-डी कलमात टॅक्सपण वाचतोय."

"काका, माझ्या पगाराला टॅक्सच लागत नाही."

"मग वाचलाच की!"

आई, बाबा आणि मी, तिघांना एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, बसवायचा त्यांचा बेत होता. आकडा बघून आईनं चहाचा कप खाली ठेवला. फ्लोटरचा भाव त्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे माझी पंचविशी बाबांच्या अठ्ठावन्नाव्या वर्षात बुडाली. त्यात बाबांना शुगर. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू व्हायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे ऐकून आई म्हणाली, "शुगरला सांगून बघते, थांबतीय का." काकांनी हळूच सुचवलं, शुगरचं लिहूच नका. हा सल्ला मात्र घरादाराला बुडवणारा. लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येतं आणि कंपनी हात वर करते. आई-बाबांसाठी तूर्त रेशनकार्डावरची सरकारी फुले योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ठरलेले उपचार आणि यादीतलीच रुग्णालयं. मी स्वतःपुरती वेगळी पॉलिसी बघायची ठरवली.

खरी गोम हॉस्पिटलातल्या खोलीच्या भाड्यात असते. आमच्या शेजारी मिरज. तिथं रिक्षावाल्याला नुसतं 'दवाखाना' म्हटलं तर "कुठल्या अवयवाचा?" असं विचारेल, इतकी हॉस्पिटलं. काकांच्या स्वस्त पॉलिसीत भाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा होती. पाच लाखांच्या विम्याला दिवसाला पाच हजार. दहा हजारांची खोली घेतली तर वरचे पाच हजार भरून सुटका नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, यांनाही त्याच हिशेबानं निम्मी कात्री. शिवाय हातमोजे, मास्क असल्या गोष्टी बऱ्याच पॉलिसीत बसत नाहीत. मोजे डॉक्टर घालणार, पैसे मी देणार. आईला यात काहीच अडचण दिसली नाही. "जनरल वॉर्डात झोपायचं. एसीनं तुला तशीपण सर्दी होते."

भाड्याची मर्यादा नसलेली पाच लाखांची पॉलिसी शेवटी मी घेतलीच. कागद हातात पडल्यावर बाबांनी पेपर वाचतात तशी पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि ३० दिवसांत परत करता येते या ओळीवर त्यांचा चेहरा उजळला. "परत मिळतात म्हण की!" पुढच्या कलमावर पुन्हा मावळला. पहिले ३० दिवस आजारपणाचा क्लेम नाही. अपघाताचा मात्र पहिल्या दिवसापासून.

आईनं लगेच माझी पाणीपुरी, भेळ आणि रात्रीचं अंडाबुर्जी बंद केलं. बाबा गंभीरपणे म्हणाले, "महिनाभर जपून राहा. आणि पडायचंच असलं, तर आजारी पडू नको. गाडीवरनं पड."