मेनूत नसलेलं वरण

"एक फुल, तीन हाफ," कंडक्टर मशीनवर बोट मारत म्हणाला. "भाऊ, एवढ्या लोकांत अख्खे तुम्हीच." खरंच होतं. बायको हाफ, कारण १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आई ६८ वर्षांची, तीही हाफ. पोरगी ६ वर्षांची, म्हणजे ५ ते १२ च्या मधली, म्हणून हाफ. दीड वर्षाचं पोट्टं फुकट. पण एकदा नागपुरात उतरलं की हिशेब फिरतो. गाडीत जो फुकट, तोच जेवणात सगळ्यात जड जातो. त्याच्या खाण्याजोगं मेनूत काही नसतंच. त्या एका गोष्टीवर आज मोकळं व्हायचं आहे, म्हणून पोस्ट लांबेल.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. कापसाचा दुसरा वेचा झाला, थोडे पैसे हाती आले आणि पोरीला दिलेला मेट्रोचा शब्द पाळायची वेळ आली. वर्धा रोडनं येणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. लेकरं सोबत असतील तर गणेशपेठेच्या स्टँडपर्यंत जाऊ नका. कंडक्टरला सांगून खापरीला उतरा आणि तिथून मेट्रोनं सीताबर्डी गाठा. खापरीला गाडी जमिनीवर असते, मग हळूहळू वर चढते आणि अजनीकडे येईस्तोवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर आपण. पोरगी खिडकीला नाक लावून बसली होती. माझी आई मात्र डोळे मिटून. सीताबर्डीला उतरल्यावर सरकत्या जिन्यानं चार वेळा वर-खाली झालं. तिथल्या गार्डनं एकदाही हटकलं नाही, त्याचे उपकार.

जवळच्या एका बागेत लेकरं फिरवली. अजब बंगल्याला जायचं होतं, पण तो सोमवारी बंद असतो आणि आम्ही नेमके सोमवारीच गेलो. १८६३ सालचं म्युझियम आहे, एक सुट्टी तर त्यालाही लागतेच ना.

आता जेवण. बर्डीवरून माझा साळा सोबत आला. तो नागपुरातच राहतो. त्याचं म्हणणं, "भाऊजी, नागपुरात येऊन सावजी नाही खाल्लं तं काय खाल्लं?" मला मान्य आहे. कोष्ट्यांच्या घरातून आलेला तो मसाला, ती काळपट तर्री, मला दोन वाट्या लागतात. पण दीड वर्षाच्या पोराला तिथं नेणं म्हणजे त्याचा छळ आहे. मागच्या वर्षी आम्ही तो केला होता. पोरीला "थोडंसं चाख" म्हणून रश्श्यात बुडवलेला पोळीचा तुकडा दिला, आणि मग अर्धा तास ती पाणी पीत रडत होती, मी जेवत होतो, आणि बायको माझ्याकडे पाहत होती. ते पाहणं अजून विसरलो नाही.

म्हणून या वेळी एसीचं, गाद्यांच्या खुर्च्यांचं हॉटेल. साळा आत शिरतानाच म्हणाला, "पोट्ट्यांले घेऊन हॉटेलात जाणं म्हणजे पैसे देऊन डोक्याले ताप." शेजारच्या टेबलावरच्या मंडळींचंही तेच मत असावं, आमची वरात पाहून त्यांनी खुर्च्या थोड्या सरकवल्या. मला राग आला, पण सगळाच खरा नाही. आपलेही काही जण लेकरं मोकळी सोडून देतात. वेटर हातात उकळती भाजी घेऊन वळतो आणि पायात पोरगं येतं. ते भाजलं तर दोष वेटरचा नाही. माझी पोरगी दोनदा उठली, दोनदा मी धरून बसवली, तिसऱ्यांदा मोबाईल दिला. हो, दिला. घरी मोबाईलविरुद्ध भाषण देणारा मीच.

पण लेकरू का रडतं, हे कोणी विचारत नाही. गावात ते साडेअकराला जेवतं. आपण बागेत फिरून, फोटो काढून दीड वाजता त्याला टेबलाशी बसवतो आणि ऑर्डर यायला वीस मिनिटं. मोठा माणूसही तेवढ्यात चिडतो. आपल्याकडे कार्तिकात आवळीभोजनाला सारं घर आवळीखाली जातं, शेतात मारोतीजवळ रोडगे होतात, तिथं कोणाचं लेकरू रडताना पाहिलं? रडत नाही असं नाही. पण गोवऱ्यांत रोडगे भाजेपर्यंत त्याच्यासाठी घरून वरण-भाताचा डबा आलेला असतो. ते खाऊन पोत्यावर झोपतं, मग मोठ्यांची पंगत बसते. पहिला घास लहानाचा, हे तिथं कोणाला सांगावं लागत नाही.

डबा आमच्याकडेही होता. पण गाद्यांच्या खुर्च्या पाहून बायकोनं तो पिशवीतच ठेवला. लाज वाटली तिला, मलाही. बोर्ड होता ना, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नये.

वेटरला विचारलं, फिकं वरण मिळेल का? "दाल फ्राय आहे, दाल तडका आहे." बिनमिरचीचं? "जैन करून देऊ." हाही एक घोळ आहे, जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, मिरची मात्र असते. ज्यांना हे माहीत नाही ते जैन डाळ मागवतात आणि लेकराच्या तोंडाची आग करतात. आम्ही दहीभात म्हटलं, तर त्यात मोहरीची आणि लाल मिरचीची फोडणी. मेनू चौदा पानांचा होता. पनीर नऊ प्रकारचं.

पोट्टं आता भोकाड पसरून रडत होतं. आई उठली. मला वाटलं, त्याला बाहेर नेते. ती सरळ मुदपाकखान्याच्या दारात गेली आणि आत ओरडली, "भाऊ, तुम्ही काय जेवता?"

आतून एक माणूस बाहेर आला, डोक्याला टॉवेल. भंडाऱ्याकडचा, लाखनीजवळचा निघाला. म्हणाला, "आम्ही वरण-भात जेवतो माय. साध्धं." आणि स्टीलच्या ताटलीत मऊ भात, वर हळदीचं पिवळं वरण, असं घेऊन आला. तूप होतं का विचारलं तर तेही आणलं. पोट्ट्यानं श्वास न घेता खाल्लं. पोरीनं मोबाईल ठेवून दिला आणि तिलाही तेच हवं झालं.

म्हणजे वरण होतं. रोज असतं. चौदा पानांमागे, गॅसच्या कोपऱ्यात, कामगारांच्या जेवणाचं. हॉटेलवाल्यांनो, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचली तर एवढंच करा: ते वरण मेनूत टाका. अर्धी प्लेट, किंमत तुम्ही ठरवा, मी घासाघीस करणार नाही. उंच खुर्ची, रंगीत पेन्सिली, झोपाळा, काही नको. तुमच्याकडे चार माणसं जेवायला येतात की येत नाहीत, हे बहुतेक वेळा सगळ्यात लहान पाचव्यावर ठरतं.

बिल आलं तेव्हा मॅनेजर अडला, कारण कॉम्प्युटरमध्ये वरण नव्हतं. त्यानं हाफ दाल तडका मारला. खाली ५ टक्के जीएसटी, तो बरोबर. त्याखाली १० टक्के सर्व्हिस चार्ज. मी म्हटलं, हा काढा. साळा टेबलाखालून पाय मारत होता, "जाऊ द्या ना भाऊजी." का जाऊ द्या? ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की हा आकार बिलात आपोआप जोडता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते कायम ठेवलं. न ऐकल्यास १९१५ वर फोन करता येतो. करावा लागला नाही, मॅनेजरनं मुकाट्यानं काढला.

तेवढीच रक्कम आईनं माझ्याकडून मागून घेतली आणि मुदपाकखान्याच्या दाराशी गेली. आचारी नको-नको म्हणत होता. तिनं नोट त्याच्या टॉवेलात खोचली. तो हसून म्हणाला, "माय, पुढच्या खेपेले दीडले नका येऊ. साडेअकराले या. वरण तवाच शिजते."