‘१९११ घेतलंत? आधी सगळं बदला’ : फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीचा नाद असलेल्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: ‘कोल्ट १९११ हे पिस्तूल मोरो (दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम) लढवय्यांना आडवं करायला बनवलं. त्याची .४५ (इंच व्यासाची) गोळी खांद्याला लागली तरी माणूस उलटा फेकला जातो. हॅमर (मागचा घोडा) मागे ओढून सेफ्टी (गोळी सुटू न देणारी खटकी) लावून ठेवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. जुनी पिस्तुलं सैल होती म्हणून चालायची, आजची घट्ट असतात म्हणून अडकतात. म्हणून विकत घेतल्यावर आधी रॅम्प (गोळी ज्यावरून आत चढते तो उतार) घासा, लांब गाइड रॉड (रिकॉइल स्प्रिंगच्या आतली दांडी) घाला, ट्रिगर हलका करा.’

यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्यामुळेच बाकीचं खपून जातं.

मोरोंची गोष्ट लवकर संपवता येते. फिलिपिन्समध्ये .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्व्हरं कमी पडली हे खरं आहे. पण तेव्हा सैनिकांच्या हाती परत आली ती .४५ ची जुनी रिव्हॉल्व्हरं. १९०४ मध्ये अमेरिकी लष्कराचे अधिकारी थॉम्पसन आणि लागार्ड यांनी चाचण्या घेतल्या आणि पुढच्या लष्करी पिस्तुलाचा व्यास .४५ पेक्षा कमी नसावा असं सुचवलं. जॉन ब्राउनिंगने रचलेलं हे पिस्तूल लष्कराने स्वीकारलं २९ मार्च १९११ रोजी, आणि मोरो प्रदेशातली शेवटची मोठी लढाई, बुड बागसाकची, झाली जून १९१३ मध्ये. मोरोंच्या अनुभवातून .४५ ची मागणी आली असं म्हणा. पिस्तुलाने ते युद्ध फिरवलं असं म्हणू नका.

‘माणूस फेकला जातो’ याला शाळेतलं गणित पुरतं. २३० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, वेग सेकंदाला अंदाजे २५५ मीटर. गुणाकार केला तर संवेग ३.८ च्या आसपास येतो. ७० किलोच्या माणसाने तो पूर्ण शोषला तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला पाच-साडेपाच सेंटिमीटर. शिवाय तेवढाच धक्का, वर बारुदाच्या वायूचा वेगळा, गोळी झाडणाऱ्याच्या मनगटाला बसतो, आणि तो काही मागे उडत नाही. गोळीचा परिणाम ती कुठे आणि किती खोल जाते यावर ठरतो.

आता मागे ओढलेल्या हॅमरची भीती. ती समजण्यासारखी आहे, कारण दिसायला ते भयंकर दिसतं. पण आत काय घडतं ते बघा. थंब सेफ्टी (अंगठ्याने वर-खाली करायची) वर असली की ती सीअरला, म्हणजे हॅमरला मागे अडकवून ठेवणाऱ्या भागाला, अडवते आणि स्लाइडही (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) जागेवर धरते. मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी तळहाताने दाबल्याशिवाय ट्रिगर मागे सरकत नाही. सीअर हॅमरच्या मुख्य खाचेतून निसटलाच, तर अर्ध्या वाटेवरची खाच हॅमरला पकडते. खरा धोका बहुतेकांना सुरक्षित वाटणाऱ्या स्थितीत आहे: चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाचा कप्पा) काडतूस आणि हॅमर खाली. तिथे पोचायला भरलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढून, हॅमर अंगठ्याने धरून, हळूच खाली सोडावा लागतो. अंगठा घामाने निसटला की गोळी सुटलीच. म्हणून दोनच स्थिती ठेवा: चेंबर रिकामं, किंवा हॅमर मागे आणि सेफ्टी वर. लष्कराचीही नेहमीची पद्धत चेंबर रिकामं ठेवण्याचीच होती.

मूळ रचनेत एक उणीव मात्र आहे आणि तिचा हॅमरशी संबंध नाही. पिस्तूल उंचावरून नळीच्या तोंडावर पडलं, तर फायरिंग पिन (काडतुसाला टोचून पेटवणारी सळई) स्वतःच्या वजनाने पुढे सरकून काडतुसाला टोचू शकते. कोल्टने १९८३ पासूनच्या ‘सीरिज ८०’ मध्ये पिन अडवणारा भाग बसवला तो याचसाठी. तो नसलेल्या पिस्तुलात फायरिंग पिनची स्प्रिंग ताजी ठेवा. हलकी टायटॅनियमची पिनही मिळते. ‘सीरिज ८० ला चांगला ट्रिगर लागतच नाही’ हे दुसरं लाडकं वाक्य. दोन जादा लिव्हर आणि एक प्लंजर नीट जुळवायचे असतात, काम थोडं वाढतं, एवढंच.

सैल आणि घट्ट हा वाद सर्वांत जास्त गोंधळाचा, कारण पिस्तूल हलवल्यावर होणारी खडखड ऐकून लोक निकाल देतात. ती खडखड बहुतेक वेळा स्लाइड आणि फ्रेम यांच्यातली असते. नेम मात्र मुख्यतः बॅरल आणि स्लाइड यांच्या जुळणीवर ठरतो, कारण माशी आणि मागचं साइट दोन्ही स्लाइडवर आहेत. प्रत्येक वेळी स्लाइड बंद झाल्यावर बॅरल त्याच जागी बसलं पाहिजे: पुढे बुशिंगमध्ये (नळीच्या तोंडाभोवतीचं कडं), मागे हुडपाशी (बॅरलच्या मागच्या टोकाची जीभ), खाली स्लाइड स्टॉपच्या आडव्या पिनवर. तपासायला सोपं आहे. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, मग स्लाइड बंद ठेवून हुडवर अंगठ्याने दाबा. बॅरल खाली दबलं तर त्याच्या पोटाचे उंचवटे, म्हणजे लग, त्या पिनवर नीट टेकत नाहीत. यावर लांब लिंक (बॅरलला त्या पिनशी जोडणारा दुवा) घालून बॅरल वर ढकलण्याची एक स्वस्त युक्ती सांगतात. ती करू नका. मग बॅरल लगवर न टेकता लिंकवर उभं राहतं आणि लिंक किंवा लग तुटतात. नीट बसवलेलं घट्ट पिस्तूल अडकत नाही. पहिल्या काहीशे गोळ्या त्याला रेल्सवर (स्लाइड जिच्यावर सरकते त्या पट्ट्यांवर) तेल जास्त लागतं.

मग अडकतं कशाने? आधी मॅगझिन, मग एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा आकडा), मग थकलेल्या स्प्रिंगा. याच क्रमाने शोधा. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला क्रमांक लिहा. अडकण्याचा प्रकार एकाच क्रमांकाशी जुळला तर पिस्तुलाला हातही लावू नका. ते मॅगझिन बाद करा. गोळीचं नाक खाली झुकून फ्रेमच्या रॅम्पवर आपटतंय, किंवा शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही, तर मॅगझिनची स्प्रिंग दमली आहे असं समजा. मूळ मॅगझिन सात गोळ्यांचं. त्याच लांबीत आठ कोंबली की स्प्रिंगला जागा कमी उरते.

एक्स्ट्रॅक्टर हा स्प्रिंगच्या पोलादाचा एकच लांब तुकडा आहे आणि त्याचा ताण त्याच्याच वाकात असतो. स्लाइड उतरवा, बारूद नसलेलं डमी काडतूस त्याच्या आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हळू हलवा. काडतूस पडलं तर ताण कमी आहे, आणि रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकायची ती यामुळेच. काडतूस आकड्याखाली जायलाच कुरकुरलं तर ताण जास्त, आणि मग गोळी तिरकी होऊन चेंबरच्या छताला टेकून बसते. हा ताण मालक स्वतःच बिघडवतात: चेंबरमध्ये हाताने एक काडतूस टाकतात आणि वरून स्लाइड सोडून देतात. या रचनेत काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येताना आकड्याखाली शिरायची असते. वरून आदळल्यावर आकड्याला तिच्यावर चढावं लागतं आणि तो हळूहळू वाकतो. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरा.

‘रॅम्प घासा’ हा सल्ला तर पिस्तूल कायमचं बाद करू शकतो. फ्रेमचा रॅम्प आणि बॅरलचा रॅम्प यांच्यामध्ये सुमारे १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर, पायरी असावीच लागते. दोन्ही एकदम घासून सपाट केले की ती पायरी जाते आणि गोळीचं नाक बॅरलच्या खालच्या कडेवर अडतं. फ्रेमवर गेलेला धातू परत येत नाही. जुन्या लष्करी बॅरलवर पोकळ टोकाची गोळी अडखळते हे खरं, पण आजच्या बहुतेक पिस्तुलांच्या चेंबरचं तोंड कारखान्यातच त्यासाठी रुंद केलेलं येतं.

लांब गाइड रॉडने ना नेम सुधारतो ना भरवसा, उलट काही रॉडना सुटं करायला हत्यार लागतं. मूळ आखूड रॉड असला की बुशिंग हाताने फिरतं; स्प्रिंग दाबून धरणाऱ्या प्लगवर अंगठा मात्र घट्ट ठेवा, प्लग सुटला तर डोळ्याकडेच येतो. स्लाइडचा धक्का सोसायला घालतात त्या प्लास्टिकच्या बफरचंही तसंच. त्याच्या जाडीइतकी स्लाइडची मागची धाव कमी होते आणि झिजल्यावर त्याचे तुकडे आत पडतात. त्यापेक्षा पाच इंची पिस्तुलाला १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग दर तीन-पाच हजार गोळ्यांनी बदला. हातात धरताना हॅमर कातडी चावत असेल तर मागे लांब शेपटी असलेली बीव्हरटेल ग्रिप सेफ्टी हा बदल खरोखर उपयोगी आहे, फक्त त्यासोबत हॅमरही बदलावा लागतो.

ट्रिगरवर मात्र घरगुती कानस नकोच. रोजच्या वापराला चार-साडेचार पौंड ठीक, स्पर्धेला साडेतीन. सीअर स्प्रिंगला तीन पाती असतात: डावं सीअरचं, मधलं डिस्कनेक्टर (एका ओढीला एकच गोळी सुटू देणारा भाग) आणि ट्रिगरचं, उजवं ग्रिप सेफ्टीचं. डावं पातं वाकवून ओढ हलकी करणं सोपं आहे, म्हणूनच ते अती होतं. मग स्लाइड बंद होताना हॅमर तिच्यामागोमाग खाली येतो, क्वचित एका ओढीला दोन गोळ्या सुटतात. असं शस्त्र अमेरिकी कायद्याच्या व्याख्येत मशीनगन ठरू शकतं. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा बदल करायलाही परवाना लागतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी काम परवानाधारकाकडेच द्यावं.

कोणाकडूनही काम करून आणलं तरी, चेंबर आणि मॅगझिन रिकामं करून, ही तपासणी करा. हॅमर मागे, सेफ्टी वर, ट्रिगर जोराने ओढा आणि सोडा. ट्रिगरला न शिवता सेफ्टी खाली करा: हॅमर पडता कामा नये. मग पिस्तूल कानाजवळ धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, हॅमर किंचित मागे ओढा. ‘टिक’ ऐकू आलं तर सेफ्टी सीअरला पूर्ण अडवत नाही. पुढे ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढून पाहा. नंतर स्लाइड पाव इंच मागे धरून ट्रिगर ओढा. शेवटी ट्रिगर दाबूनच स्लाइड मागे-पुढे करा. तिन्ही वेळा हॅमर मागेच राहिला पाहिजे. एकदा जरी तो पडला, तर पिस्तूल रिकामंच ठेवून ज्याने काम केलं त्याच्याकडे परत न्या.