दावा चालू दे, उतारा मराठीत द्या

1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव, आला की बेळगावात मराठी भाषक काळा दिन पाळतात. डिसेंबरात तिथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सीमाप्रश्न पुन्हा तापतो. सीमाभाग मिळावा म्हणून महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा तसाच पडून आहे. तो जरूर चालावा. पण मराठीतून कागदपत्रं, मराठी पाट्या आणि मराठी शाळा ही मागणी त्या दाव्याच्या दावणीला बांधू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी राहतो तो दक्षिण टिरोल हा आल्प्समधला प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात इथल्या जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. 1923 साली जर्मनभाषकांचा पर्वतारोहण संघसुद्धा बरखास्त केला आणि त्याचे डोंगरातले निवारे इटालियन क्लबच्या ताब्यात दिले. संघ पुन्हा उभा राहिला तो 1946 साली.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यातल्या शाखेचा वर्धापनदिन अशाच एका निवाऱ्यात झाला. दारात बूट काढून फळीवर ठेवायचे, तिथल्या सपाता घालायच्या, मग लांब बाकांवर दाटीवाटीने बसायचं. शिळ्या पावाचे गोळे घातलेलं गरम सूप आलं. अध्यक्ष जर्मनमध्ये बोलले, शेजारच्या इटालियन क्लबचे पाहुणे इटालियनमध्ये. दुभाषा कुणी मागितला नाही. श्लेर्न डोंगरावरचा 2457 मीटर उंचीवरचा निवारा तर दोन्ही नावांनी ओळखला जातो: जर्मनांचा श्लेर्नहाउस, इटालियनांचा रिफुजिओ बोल्झानो.

हे आपोआप झालं नाही. ऑस्ट्रियाने 1960 साली हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, मधल्या काळात बॉम्बही फुटले. 1972 साली व्यापक स्वायत्तता मिळाली आणि 1992 साली ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जाहीर केलं. सीमा तसूभरही हलली नाही. पण कोर्टात, कचेरीत जर्मन चालते, आणि सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. अगदी अलीकडे, 2010च्या सुमारास, डोंगरवाटांवर फक्त जर्मन पाट्या लावल्या म्हणून मोठं वादळ उठलं होतं. म्हणजे पाटीचं दुखणं इथेही आहे. फरक इतकाच की ते पाटीपुरतं बोलता येतं, प्रत्येक वेळी नकाशा उघडावा लागत नाही.

खानापूरच्या मामांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "तिकडं बसून सांगायला सोपं आहे रे. इथं कर्नाटकाकडं मराठी मागितलं की त्यांचं राज्य मान्य केल्यागत होतंय." मामांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. त्यांच्या पिढीने लाठ्या खाल्ल्यात. शिवाय दक्षिण टिरोलच्या पाठीशी एक देश होता, आंतरराष्ट्रीय करार होता. आपल्याकडे ते नाही.

पण आपल्याकडे संविधान आहे. 1956 साली ज्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं. हा हक्क राज्यातल्या अल्पसंख्याकाचाच आहे. तो मागितला म्हणजे न्यायालयातला दावा सोडला असं होतं, हे मला पटत नाही. उलट मागायचं थांबवल्याने काय होतं ते माझ्या घरात दिसतं: आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि आई तो शेजारच्या पोराकडून वाचून घेते. आपल्याच जमिनीचा कागद. निकाल लागेपर्यंत तिने असंच करायचं का?

एक गोष्ट मात्र इथून उचलू नये. दक्षिण टिरोलमध्ये जर्मन आणि इटालियन शाळा वेगळ्या, त्यामुळे एका गल्लीतली मुलं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. बेळगावची पोरं याबाबत पुढे आहेत. राजहंसगडावर, भीमगडाच्या रानात मराठी आणि कन्नड पोरं एकाच गाडीतून जातात, एकाच डब्यातलं खातात. माझ्याबरोबर गड फिरलेल्या एका कन्नड मित्राला मी विचारलं, मराठी उताऱ्याच्या अर्जावर सही करशील का? तो म्हणाला, पाठव. यंदाच्या काळ्या दिनाच्या फेरीआधी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या ज्येष्ठांनी असा अर्ज लिहावा, आणि त्यावर कन्नड शेजाऱ्यांच्या सह्या आवर्जून घ्याव्यात.