‘आनंद’ आमच्या वर्गात जेलमध्ये आहे

श्रावण लागला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘माझा आवडता सण, स्वरचित कविता स्पर्धा, इयत्ता तिसरी ते पाचवी, ओळी आठ ते बारा, शुक्रवारपर्यंत फोटो पाठवावेत.’ शुक्रवारी ग्रुपवर पूर येतो. ‘सण आला सण आला, आनंदी आनंद झाला.’ दिवाळीच्या जागी पोळा घाला, पोळ्याच्या जागी नाताळ घाला, कविता तीच. अलीकडं तर बऱ्याच कविता चॅटजीपीटीनं लिहिलेल्या असतात, आणि खरं सांगू? पोरांच्या कोणत्या आणि त्याच्या कोणत्या, मला ओळखू येत नाही. मी मोबाईलला शिव्या देणार नाही. पोरांना असं लिहायला आम्हीच शिकवलं होतं.

आम्ही म्हणजे मी धरून. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर आहे. कित्येक वर्षं माझी पद्धत ठरलेली होती. फळ्याच्या उजवीकडं यमकाच्या जोड्या लिहायच्या: दिवाळी–रांगोळी, पणती–गणती, लाडू–वाढू. पोरांनी त्या ओळींच्या टोकाला चिकटवायच्या आणि अलीकडं जे बसेल ते भरायचं. एका पोरीनं लिहिलं होतं, ‘दारात काढली रांगोळी, आई बनवते दिवाळी’. मी ‘छान’ असा शेरा मारला. दिवाळी कशी बनवतात गं, हे काही विचारलं नाही. यमक जुळलं होतं ना!

मध्ये एका प्रशिक्षणातून पेटून आलो आणि हायकू करून पाहिला. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हा तीन ओळींचा प्रकार मला स्वतःला फार आवडतो. पण पाच-सात-पाच म्हटल्यावर पोरं बोटं मोजत बसली, गणिताचा तास झाला. एक जण म्हणाला, “सर, पुरणपोळीतच पाच झाले, आता खायची कोण्या ओळीत?”

उत्तर गावातच होतं, आणि मी इतकी वर्षं पोळ्याच्या तोरणाखाली उभा राहून ते ऐकत होतो. झडती.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात. शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. पोळा फुटायच्या आधी कोणीतरी खड्या आवाजात दोन-चार ओळी फेकतो. यमक कडक, बोली वऱ्हाडी, आणि आत टोमणा. सावकार, सरकार, सरपंच, जावई, कोणाचीच सुटका नाही. शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला’, की सगळा गाव ‘हर हर महादेव’. मग दुसऱ्याची झडती. म्हणजे आमच्याकडं सणाची छोटी कविता हा प्रकार कोणी शिकवायच्या आधीपासून आहे, तीही न लिहिता. आणि मी त्याच गावातल्या पोरांना ‘पणती–गणती’ देत होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकतात आणि म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’. घ्या आणि या. पोरांच्या कानात यमक आहेच, फळ्यावर लिहायची गरज नव्हती.

तर तीन वर्षांपासून खांदशेकणीच्या दिवशी माझा गृहपाठ एवढाच असतो: बैलाजवळ उभं राहा, त्याच्याकडं पाहू नका, नुसतं ऐका आणि वास घ्या. पोरं काय काय घेऊन येतात! वारनिसाचा वास. हळदीत भिजलेल्या पोत्याचा वास. ‘बैलानं नाकातून हवा सोडली, माही बाही ओली झाली.’ पहिली-दुसरीची लहानगी तोंडानं सांगतात आणि मी लिहून घेतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या ओळी घरच्यांनीच कागदावर उतरवल्या. मग पहिलीच्या पोराला काना-मात्राच नीट येत नाही म्हणून त्याची कविता आपण का अडवायची?

दुसरी गंमत म्हणजे जेल. फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन काढलाय, त्याला गज काढलेत. आत आनंद, उत्साह, रंगीबेरंगी, गोडधोड आणि ‘सण आला’ हे पाच कैदी. कवितेत दिसले की बाद. पोरांना हा खेळ भलता आवडला, एकमेकांच्या वह्यांवर पोलिसासारखा पहारा ठेवतात. एकदा चौथीतल्या एकानं ‘आनंद’साठी जामीन मागितला. त्याची मोठी बहीण नागपूरला शिकायला आहे, तीन महिन्यांनी येणार होती. जामीन नामंजूर. बहीण आली तेव्हा तू काय केलं तेवढं लिही, म्हटलं. त्यानं दोनच ओळी आणल्या:

बहीण आली नागपुरातून
म्या तिची बॅग लपवली

मी पुढं काही विचारलं नाही.

यमकाचं माझं वाकडं नाही. पोरांना ते आवडतंच, आणि झडतीला तर लागतंच. फक्त ते शेवटी यावं. आधी जे दिसलं ते साधं सांग, मग त्यातलं निम्मं खोड, मग जमलं तर जुळव. एकाच्या बापाची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या जिल्ह्यात काय केलं ते मोठ्यांना आठवत असेल. हा पोरगा तेव्हा पाळण्यात, पण शब्द घरात ऐकून पाठ. त्याची झडती:

पऱ्हाटीले बोंड, बोंडात अळी
बाप म्हणे, यंदा कायची दिवाळी!

यात एकही शब्द मी घातलेला नाही. ‘दिवाळी’ला जोड म्हणून मी वर्षानुवर्षं ‘रांगोळी’ पुरवत होतो. ‘अळी’ मला कधी सुचली नसती.

आणि एक कविता यमकाशिवायची. तिच्या घरची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. आता भाड्याचा ट्रॅक्टर.

आमच्या घरी बैल नाही
खुटा आहे
आबा त्यालेच हळद लावते

शाळाभेटीला आलेल्या एका साहेबांनी ही वही उघडली. “गुरुजी, यमक कुठाय? आणि ‘त्यालेच’ काय, ‘त्यालाच’ करून घ्या. सणाची कविता अशी रडकी नको, थोडी आनंदी करा.” मी हो म्हटलं. करून घेतलं नाही. प्रमाणभाषा शिकवतोच, परिपाठात आणि निबंधात रोज शिकवतो. पण ‘लावते’चं ‘लावतात’ केलं की त्या ओळीतला आबा कोणा परक्याचा होतो. स्पर्धेला ती कविता पाठवली होती, नंबर आला नाही. ज्या कवितेचा आला तिच्यात आमच्या जेलमधले चार कैदी मोकळे फिरत होते.

यंदा तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लाकडी बैलांचा पोळा, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला) ठरवलं की पोरांनी स्वतःच्या झडत्या गावासमोर म्हणायच्या. मंदिरासमोर पोरं नंदी घेऊन रांगेत, मागं आया-आज्या, पारावर बाप्ये. बोंडअळीवाल्याला टाळ्या पडल्या. खुट्यावाली लाजली, मग तिच्या आबांनीच पुढं ढकललं. तिनं म्हटलं, आणि आबा टोपी काढून उगाच झटकत बसले.

सगळ्यात शेवटी तिसरीतला एक दीडफुट्या पुढं आला. याची झडती मी तपासलेली नव्हती. वही दाखव म्हटलं की ‘घरी राहिली’ म्हणायचा. त्यानं आपला नंदी खाली ठेवला, कमरेवर हात घेतले आणि थेट माझ्याकडं पाहून ओरडला:

घंटा दहाले, सर सव्वादहाले
आता सांगा सर, अंगठे कोनाले?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. मीपण जोरात म्हटलं, हर हर महादेव!