पिशवीसकट पोळी हरणाला पचत नाही

'प्राणिसंग्रहालयांचं पर्यावरणप्रेम म्हणजे निव्वळ नाटक' हा व्हॉट्सॲप मेसेज फिरत फिरत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मामींपर्यंत पोचला. आता रविवारी नातवंडांना कमाटीबागेतल्या प्राणिसंग्रहालयात नेताना हरणांसाठी शिळ्या पोळ्या न्यायच्या असं त्यांनी ठरवलंय. म्हणून हे लिहितेय.

मेसेज म्हणतो, हरणं काहीही पचवतात, पोळीबरोबर पिशवी गेली तरी बिघडत नाही, 'विघटनशील' पिशवी तर पोटातच विरते. साफ खोटं! हरीण रवंथ करणारं जनावर. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव चारा आंबवतात. प्लास्टिकपुढे त्यांचं काही चालत नाही. तेलमिठाच्या वासाने गिळलेली पिशवी तिथेच राहते, पुढच्या पिशव्या तिच्यात गुरफटून गोळा होतो. पोट भरलेलंच वाटतं, चारा सुटतो आणि जनावर भरल्या पोटी उपाशी मरतं. रस्त्यावरच्या गायींच्या पोटातून ऑपरेशन करून किलोकिलोने प्लास्टिक काढतात, हे ठाऊक असूनही असले मेसेज पुढे कसे ढकलवतात? कंपोस्ट होणारी पिशवीसुद्धा खतप्रकल्पात, साधारण 58 अंशांच्या उष्णतेत, कुजायला आठवडे-महिने घेते. हरणाच्या पोटात असतात 39 अंश. आणि मामी, नुसती पोळीही नकोच. पिठाचं खाणं एकदम जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं, त्यात जीवही जातो.

माझ्यावर विश्वास नसेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधलं कलम 38-जे वाचा. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं आणि आवारात कचरा टाकणं, सगळ्याला एकाच कलमात मनाई आहे. 'प्लास्टिकबंदी कँटीनवाल्यांच्या सोयीसाठी' या मेसेजमधल्या आरोपाचं उत्तरही त्यातच आलं.

'वाघाची विष्ठा कुंड्यांना उत्तम खत': मुळीच नाही. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. हत्ती-हरणांच्या शेणाचं खत नीट कुजवून वापरता येतं, ते वेगळं. 'आठवड्याची सुट्टी म्हणजे कर्मचाऱ्यांची चैन': 2009 च्या प्राणिसंग्रहालय मान्यता नियमांतच आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला सांगितलंय.

प्राणिसंग्रहालयं पाणी उधळतात, हा मेसेजमधला मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मानावं लागेल. पाणघोडा पाण्यातच शेण टाकतो, त्यामुळे त्याचं तळं वारंवार उपसावं लागतं. पण ते शेणपाणी गटारात न सोडता झाडांना देता येतं. कुठे देतात आणि कुठे सोडून देतात, याचा हिशेब प्रत्येक प्राणिसंग्रहालयाने दाराशी लावावा, या मागणीवर मेसेज लिहिणाऱ्याच्या बरोबरीने मीही सही करीन.