'पुण्यात बसून' लिहिणारीचं उत्तर

मागच्या लेखावर 'एक खान्देशी' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लेख होता जमीन बक्षीसपत्राने देऊन टाकल्यावर स्वतःच्याच घरात नकोशा झालेल्या म्हाताऱ्या माणसांवर. भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं : मी कायदा चुकीचा सांगितला, प्रांताकडे अर्ज केला तरी म्हातारीला परत त्याच घरात, त्याच हातचं खायचं असतं, तेव्हा तिचे हाल वाढतात, कापसाला भाव नसताना दवाखाना कशातून करायचा, आणि "पुण्यात बसून खान्देशातल्या घरांची अब्रू चव्हाट्यावर मांडणं सोपं असतं, ताई."

कायद्याचं आधी उरकते. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने "जमीन परत मिळतेच" असं मी लिहिलं होतं. त्यातला 'च' माझा, कायद्याचा नाही. दिलेली जमीन परत मिळवून देणारं कलम 23 लागायला ती सांभाळाच्या अटीवर दिलेली असावी लागते, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द करून ताबा तिला परत दिला खरा, पण तिथे सांभाळाचं वचनपत्रही पुढे आलं होतं. तेव्हा तो 'च' काढला आहे. तुमचे आभार.

आता 'पुण्यात बसून'.

भाऊ, हे लिहिताना तुम्ही कुठे बसला होतात ते मला माहीत नाही, नाव लिहायचीही तुम्हाला गरज वाटली नाही. मी अमळनेर तालुक्यातली. बोरीकाठचं गाव, घरचा कापूस वेचून बोटं फाटलेली, कॉलेज एसटीच्या पासवर. पुण्यात आले ती नोकरीसाठी. आणखी काय पुरावा देऊ? कळण्याची भाकरी थापून फोटो टाकू?

माझी मोठी माय, म्हणजे वडिलांची काकू. मूलबाळ नाही. चार एकर पुतण्याच्या नावे केली, अंगठा उठवून. फेरफार झाला त्या वर्षी तिची खाट ओसरीवरून खळ्यातल्या पत्र्याखाली गेली. 2011च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गेले तेव्हा ती तिथेच होती. मारहाण वगैरे काही नव्हती. ताट वेळेवर यायचं. पाण्याचा तांब्या मात्र कोनाड्यात, आणि ती भिंत धरल्याशिवाय उठू शकत नव्हती. पायांची नखं वाढून बोटांखाली वळली होती. नेलकटर बसेना. कोमट पाण्यात पाय ठेवून कात्रीने कापली, तासभर लागला. ती सारखी पदर पायांवर ओढत होती. "मी बरी शे. कोनले सांगू नको."

मी नाही सांगितलं. दुपारी त्याच घरात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी जेवले, आणि संध्याकाळची एसटी धरली. महाराष्ट्रात कायदा लागू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जमीन ज्याला मिळाली त्या नातेवाइकाकडून निपुत्रिक माणसालाही चरितार्थ मागता येतो, हे मला ती गेल्यावर कळलं. तिच्या सांगण्यावरून दुसरं कुणी अर्ज करू शकतं, प्रांताचं न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं, वकील तर लागतच नाही, हे सगळं नंतरचं. ती श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी गेली. तेव्हा मी पुण्यात नव्हते, भाऊ. अमळनेरलाच होते, वीस मिनिटांवर. त्यामुळे लांब बसून अब्रू काढल्याचं मला सांगू नका. मी जवळ बसून तोंड मिटून घेतलं होतं, आणि मागचा लेख त्यातूनच आला आहे. ते तुमच्या लक्षात आलं नसेल तर लेख पुन्हा वाचा. पहिल्यांदा नीट वाचला असेल असं प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

बाकीचं. कापसाच्या भावाचा इथे काय संबंध? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये म्हातारीच्या खात्यावर येतात, ते बँकेतून कोण काढून आणतं तेवढं आधी बघा. आणि अर्ज केल्यावर हाल वाढतात म्हणता, तर कुठे पाहिलंत, कुणाचे, काहीच लिहिलेलं नाही. हवेतल्या मुद्द्यावर मी काय बोलणार? ज्यांना विचारायचंय त्यांनी 14567 या हेल्पलाइनला विचारावं.

एक राहिलं. शेवटी तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलं आहे, "आमच्या आईला दोन्ही वेळचं ताट वेळेवर जातं." कुठे जातं, भाऊ? ती तुमच्याच घरात राहते ना?